रिकाम्या पिंजऱ्याची किंमत

प्रिय डॉक्टर,

पशुवैद्यकाची पदवी हातात पडल्यावर कुत्र्या-मांजरांचा दवाखाना न थाटता शहरातल्या घारी, घुबडं, खारी, वटवाघळं यांच्यासाठी जागा उभी करायची म्हणतेस. वाचून फार आनंद झाला. खर्च किती येईल, असं विचारलंस. त्याकडे येतोच, पण पैशाआधी एक गोष्ट मोजायला शिक: पिंजऱ्यातले दिवस. तुझ्याकडे दहा पिंजरे असतील तर महिन्याला तीनशे दिवस तुझ्या हाती आहेत. कधीच उडू न शकणारी एक घार ठेवलीस, तर त्यातले तीस दिवस दर महिन्याला गेले, आणि घार पिंजऱ्यात वीस-वीस वर्षं जगू शकते. आपल्यासारख्या ठिकाणी औषधांच्या आधी जागा संपते, आणि जागेच्याही आधी माणसं थकतात. म्हणून दवाखान्याचा प्रत्येक निर्णय या एकाच हिशेबावर घासून बघ.

पहिला निर्णय फोनवरच होतो. मार्च ते जून दिवसभर फोन येतील: "पिल्लू पडलंय, घेऊन येतो." लगेच हो म्हणू नकोस. अंगावर पिसं आहेत का, उड्या मारतंय का, ते विचार. पिसं फुटलेलं, आखूड शेपटीचं पिल्लू बहुतेक वेळा उडायला शिकत असतं आणि आई-बाप जवळच्याच फांदीवर असतात. कुत्री-मांजरं आणि पोरं तेवढी लांब ठेवायला सांग. अंगावर पीस नसेल तर पिल्लू परत घरट्यात ठेवायचं. माणसाचा हात लागला म्हणून पक्षीण पिल्लाला टाकत नाही, हे लोकांना शंभरदा सांगावं लागेल. घरटंच मोडलं असेल तर त्याच झाडाला एखादी टोपली बांधून त्यात पिल्लू ठेवता येतं. दूध-पाव भरवू नका, चोचीत पाणी ओतू नका, हेही तेव्हाच सांग. पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या अगदी मागे असतं. ओतलेलं पाणी सरळ फुप्फुसात जातं. फोन घेणारा माणूस समजदार असला की निम्मं काम दारातच होतं. त्या जागी नवखा स्वयंसेवक बसवू नकोस.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे जखमी वन्यप्राणी ही सरकारची मालमत्ता आहे. हाती आलेल्या प्राण्याची खबर ४८ तासांच्या आत द्यावी लागते. वनखात्याची लेखी परवानगी नसेल तर पहिला पिंजराही बांधू नकोस. महाराष्ट्रात वनखात्याचा मदतक्रमांक १९२६ आहे. तो दारावर मोठ्या अक्षरांत लिही. रोजची नोंदवही मात्र खात्यासाठी म्हणून नको, स्वतःसाठी ठेव. कुठून आला, आला तेव्हाचं वजन, काय झालं होतं, कोणत्या दिवशी सोडला किंवा मेला.

आता मांजा. आमच्या नागपुरात संक्रांतीचा आठवडा म्हणजे दवाखान्याची खरी परीक्षा. राष्ट्रीय हरित लवादाने नायलॉन मांजावर २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो विकला जातो आणि झाडांवर लटकलेले तुकडे महिनाभर पक्षी कापत राहतात. उडत्या घारीच्या पंखाच्या पुढच्या कडेला, खांदा आणि मनगट यांच्यामध्ये, कातडीचा एक पातळ पडदा असतो. दोरा तिथे बसतो. घार जितकी फडफडते तितका तो करवतासारखा आत जातो. आणणाऱ्याला सांग, दोरा ओढू नका. दोन्ही बाजूंनी कापा, घार खोक्यात ठेवा, खोक्याला भोकं पाडा आणि अंधार करा. तुझ्याकडे आल्यावर रक्त थांबव, उघडी पडलेली शीर (रक्ताची नव्हे, स्नायूला हाडाशी जोडणारी, म्हणजे टेंडन) सलाइनने भिजवलेल्या गॉझने झाकून ठेव. ती वाळली की मेली, आणि मग तू कितीही सुबक टाके घातलेस तरी पंख उघडणार नाही. शिवायची घाई नको. आधी ऊब, कोमट रिंगर लॅक्टेटचं सलाइन आणि वेदना कमी करायला मेलॉक्सिकॅम. डायक्लोफेनॅक हे दुसरं वेदनाशामक तुझ्या कपाटात असताच कामा नये. ते दिलेल्या जनावरांचं मांस खाऊन गिधाडं कशी मेली ते तू शिकलीच आहेस, आणि जनावरांसाठी त्यावर २००६ पासून बंदी आहे. बांधलेला पंख तसाच आठवडेच्या आठवडे ठेवलास तर पडदा आक्रसतो. मधूनमधून भुलेखाली तो हलकेच ताणावा लागतो. म्हणून पैसे एकाच यंत्रापुरते असतील तर आयसोफ्लुरेनची भूल देणारं यंत्र घे. एक्स-रे बाहेर काढून आणता येतो, सुरक्षित भूल बाहेरून आणता येत नाही. त्याच्या जोडीला ग्रॅममध्ये मोजणारा साधा काटा. रोज सकाळी खाण्याआधी वजन घेतलंस तर पक्षी खालावतोय हे तुला तो दिसायला आजारी होण्याच्या कितीतरी आधी कळेल.

पिंजऱ्याला साधी तारेची जाळी लावू नकोस. घार तिच्यावर आपटते आणि पंखाची लांब पिसं मोडतात. मोडलेलं पीस नव्या पीसझडीपर्यंत बदलत नाही, म्हणजे जखम तीन आठवड्यांत भरली तरी एका पिसापायी घार तुझ्याकडे वर्षभर अडकू शकते. उभ्या बांबूच्या किंवा पीव्हीसीच्या पट्ट्या लाव. तरीही पीस मोडलंच तर मेलेल्या घारीचं तेच पीस घेऊन बांबूच्या बारीक काडीने जुन्या दांड्यात बसवता येतं. त्यासाठी पिसं ठेवण्याची परवानगी आधीच घेऊन ठेव. मला विचारशील तर आपल्या कामातलं सगळ्यात सुंदर कौशल्य हेच, आणि खर्च जवळजवळ शून्य.

जे बरं होणारच नाही, त्याचंही लिहायला हवं. सांध्यातच चुरा झालेलं हाड, बाहेर येऊन काळं पडलेलं हाड, दोन्ही डोळे गेलेले. अशा वेळी वनाधिकाऱ्याची लेखी संमती घेऊन त्याच दिवशी शांतपणे संपवणं ही दयाच आहे, आणि ती तुलाच करावी लागेल. स्वयंसेवक रडतील, काही तुझ्याशी बोलणं सोडतील. त्यांना बाजूला घेऊन नीट समजाव, पण निर्णय मताला टाकू नकोस. घारीला झडप घालून अन्न उचलावं लागतं. थोडी थोडी उडणारी घार बाहेर उपाशी मरते.

नव्याने आलेला पक्षी वेगळ्या खोलीत ठेव. तिथली बादली वेगळी, चपला वेगळ्या. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या कोंबड्यांत आणि राज्यात काही ठिकाणी कावळ्यांत बर्ड फ्लू निघाला, आणि २०२४च्या डिसेंबरात आमच्या नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूनेच गेले. मांस कुठून येतं हेही म्हणूनच बघायचं. प्राणी हाताळणाऱ्या प्रत्येकाला रेबीजची पूर्वप्रतिबंधक लस दे, मग तो एका रविवारीच येणारा असो. माकडं आणि वटवाघळं हाताळताना हातमोजे हवेतच.

आता पैसे. कंपन्या रुग्णवाहिका देतील, इमारत देतील, वर पाटी लावतील. मांसाचं बिल आणि पिंजरे धुणाऱ्या माणसाचा पगार कुणी देत नाही. त्यासाठी दरमहा थोडेथोडके देणारे लोक जोड. एका मोठ्या देणगीपेक्षा ते जास्त टिकतात. आणि पगार आधी त्या माणसाचा काढ, कारण रात्री दोनला पिल्लाला ऊब मिळतेय की नाही हे तोच बघणार आहे. पिल्लांना लाडाची नावं देऊ नका, सेल्फी काढू नका, एकाच जातीची पिल्लं एकत्र वाढवा, हेही त्याला पटायला हवं. माणसाचा लळा लागलेलं घुबडाचं पिल्लू सोडता येत नाही, आणि पुन्हा एक पिंजरा गेला.

सोडताना शक्य तोवर सापडलं त्याच भागात, सकाळी. संक्रांतीच्या दिवसांत बरी झालेली घार आकाश मोकळं होईपर्यंत थांबव. तेवढे दिवस खुशाल खर्च कर.

पावसाळा संपत आलाय. संक्रांतीआधी तुझे निदान चार पिंजरे उभे राहायला हवेत. पट्ट्यांचं सामान घेण्याआधी नकाशा मला पाठव. दार कुठल्या बाजूला, ऊन कुठून येतं, पाण्याचा नळ कुठे आहे, एवढं त्यावर लिही. मी खुणा करून लगेच परत पाठवतो.