लो-टेक वस्तूंचा आजच्या काळात खरंच उपयोग असतो, की ती नुसती हौस?

‘नुसती हौस’ हे आमच्या दादाचं माझ्या पायमशीनबद्दलचं (पायाने चालवायच्या शिलाई मशीनबद्दलचं) ठरलेलं मत आहे, म्हणून हे उत्तर.

मशीन आजीची. घर बदलताना दादा म्हणाला, भंगारात दे. मी दिली नाही. पुढे त्याने वहिनीसाठी कम्प्युटरवाली मशीन आणली. स्क्रीन, ढीगभर नक्षीचे टाके, सुई आपोआप ओवायची सोय. मला मुद्दाम बघायला बोलावलं. वॉरंटी संपली आणि थोड्याच दिवसांत ती स्क्रीन कोरी झाली. सेवा केंद्रातून उत्तर आलं: बोर्ड (मशीन चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट) गेलाय, हे मॉडेल बंद झालंय, बोर्ड येत नाही, नवीन घ्या. मोटर ठणठणीत, वरच्या दोऱ्याचा फास पकडणारा हुक ठणठणीत, पण एक टाका पडेना. अर्धवट राहिलेल्या पडद्यांच्या दुमडी शेवटी माझ्याकडे आल्या. दादा म्हणाला, योगायोग.

कसला योगायोग! अमेरिकन संशोधक एलियस हाऊने १८४६ मध्ये ज्या टाक्याच्या मशीनचं पेटंट घेतलं, तोच टाका या दोन्ही मशिनी घालतात. सुई वरचा दोरा खाली नेते, त्याचा फास खालच्या बॉबिनच्या (छोट्या रिळाच्या) दोऱ्याला वळसा घालतो आणि दोन्ही दोरे कापडाच्या जाडीत एकमेकांत अडकतात. बोर्ड येऊन या कामात काही फरक पडलेला नाही, फक्त दारावर एक पहारेकरी बसलाय, आणि तो झोपला की घर बंद.

पायमशीन बिघडत नाही असं नाही, पण कुठे बिघडली ते कळतं. कापडाखाली दोऱ्याचा गुंता झाला तर बहुतेक वेळा वरचा दोरा ताणाच्या चकत्यांत नीट बसलेला नसतो. टाके सुटत असतील तर सुई बोथट झालीय किंवा उलटी लागलीय. जड चालतेय? तेल घाला. पाय हलतोय आणि चाक घसरतंय? पट्टा सैल झालाय. थोडा कापायचा, टोकाला भोक पाडायचं, तारेची कडी परत अडकवायची. माझ्या मशीनला सुईही आजच्या घरगुती मशिनींचीच लागते.

तेव्हा वस्तू घेताना मी एवढंच बघतो: बिघाड डोळ्यांना दिसतो का, आणि गेलेल्या भागाच्या जागी दुसऱ्या कुणी बनवलेला भाग बसतो का. सायकल यात पास, हातकरवत पास, शाईचं पेन पास. युरोपीय संघाने २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, त्यात वॉशिंग मशीन, फ्रिज, फोन आहेत. शिलाई मशीन नाही. (दादाला पाठवलं होतं. वाचलं, उत्तर नाही.)

आता हेही सांगतो: ताणणाऱ्या कापडावर साधा सरळ टाका तटकन तुटतो, तिथे झिगझॅग हवा आणि माझ्या मशीनमध्ये तो नाही. गुडघे दुखत असतील तर पायमशीनच्या वाटेला जाऊ नका. आणि रॉकेलच्या धुरकट दिव्यापेक्षा एलईडी शंभरपट बरा. जुनं ते सगळं चांगलं, असं मी कधीच म्हटलेलं नाही. ते दादा माझ्या तोंडी घालतो.

वहिनीसाठी पुन्हा तसलीच मशीन बघतायत म्हणे. खुशाल घ्या, पण दुकानदाराकडून आधी लेखी घ्या की दहा वर्षांनी बोर्ड मिळेल.