जर्मनीत येताय तर विमा कोणता घ्याचा, सरकारी का प्रायव्हेट

भाऊ, हिंगणघाटकडचा माणूस विचारून राह्यला म्हणल्यावर सविस्तर सांगतो. तुमाले श्टुटगार्टमधे ८०,००० युरोची नोकरी लागली, वहिनी अन् दोन वर्षाची पोरगीबी येऊन राह्यल्या, अन् एजंट म्हणते प्रायव्हेट घ्या, स्वस्त पडते. आजच्यापुरतं पाह्यलं त तो खोटं नाई बोलत.

मी सेलू तालुक्यातला, इथं ९ वर्षं झाली. इथला सरकारी विमा समजाचा असंन त सेवाग्रामची ज्वारीची योजना आठवा. कस्तुरबा हॉस्पिटलवाल्यायनं आजूबाजूच्या गावात चालवली होती, सुगी झाली का घरटी ऐपतीपरमाणं ज्वारी द्याची, जास्त वावर त जास्त ज्वारी, मजुराची कमी, दवाखाना सगळ्यायले. इथं ज्वारीच्या जागी पगार. १४.६ टक्के, वरून ज्या त्या कासेचा जादा हप्ता (क्रांकनकासे म्हंजे सरकारी विमा चालवणारी संस्था, तिले सगळे कासेच म्हणतात), २०२६ ले सरासरी २.९ टक्के, अर्धं तुमचं अर्धं मालकाचं. पण महिन्याले ५,८१२.५० युरोच्या वरच्या पगारावर कापत नाई, म्हून म्हातारपणच्या सेवेचा विमा धरून तुमचे ६०० च्या थोडे वर जातीन. आकडा पाहून धडकी भरते, माह्यीबी भरली होती. पण वहिनी कमवत नसंन त त्या अन् पोरगी दोघीबी त्यातच, एक पैसा जादा नाई. उद्या दुसरं लेकरू झालं तरी तेवढेच.

प्रायव्हेटमधे माणशी हप्ता, वय अन् जुने आजार पाहून. वर्षाले ७७,४०० च्या वर पगार असंन तरच नोकरदाराले तिकडं जाता येते, तुम्ही त्या रेषेच्या वर आहे म्हून त एजंटले तुमची आठवण झाली. डॉक्टरची तारीख लवकर भेटते हे खरं आहे, सरकारीवाल्याले स्किनच्या डॉक्टरसाठी महिनो न् महिने थांबा लागते. पण बिल आधी आपण भराचं, मंग कंपनीले मागाचं, अन् हप्ता वयासंगं चढत जाते. वापस सरकारीत याचं म्हणलं त नियम लय कडक, ५५ नंतर दरवाजा जवळजवळ बंदच. तुमच्या जागी मी असतो त सरकारीच घेतली असती, अन् घेतलीबी. एकटा असता, तीस वर्षाचा, चार वर्षात गावी वापस जाणार असता, त वेगळं बोललो असतो.

आता माह्यी फजिती ऐका. व्हिसासाठी मी सगळ्यात स्वस्त इन्कमिंग पॉलिसी (बाहेरून येणाऱ्यायसाठीचा तात्पुरता विमा) घेतली अन् नोकरी लागाच्या १२ दिवस आधी येऊन बसलो. सातव्या दिवशी मुतखडा उठला. आपल्याकडं मे महिन्यात घरोघरी एक पेशंट असते, मलेबी वर्ध्याले एकदा झाला होता, अन् तेच मी इथल्या डॉक्टरले इमानदारीनं सांगतलं. झालं, कंपनीनं जुना आजार म्हून क्लेम फेकला अन् बाबानं पाठवलेले तुरीचे पैसे दवाखान्यात गेले. सरकारी विमा नोकरीच्या पहिल्या दिवसापासून लागते, जुना-नवा आजार विचारत नाई. म्हून जॉइनिंगच्या दोन-तीन दिवस आधीचंच तिकीट काढा, अन् पॉलिसीत जुन्या आजाराची ओळ वाचल्याशिवाय सही करू नका.

कोणती कासे, याचं जास्त टेन्शन घेऊ नका. बहुतेक सोयी कायद्यानंच ठरलेल्या आहेत, फरक जादा हप्त्याचा, अन् फोनवर इंग्रजी बोलतात का नाई त्याचा. एचआर विचारते तेव्हा नाव सांगा, कार्ड पोस्टानं घरी येते. चष्मा अन् दाताची सफाई बहुतेक खिशातूनच, दाताचं जे काम असंन ते नागपूरले उरकून या. औषधाच्या चिठ्ठीवर डब्यामागं ५ ते १० युरो, अॅडमिट झालं त दिवसाले १०.

अन् तुम्ही विचारलं नाई पण सांगतो, आईबाबा या विम्यात येत नाईत. त्यायची तिकडची पॉलिसी असंन त रिन्युअल चुकवू नका, नवी काढली त जुन्या आजाराले ३ वर्षांपर्यंत थांबा लागते. बाबा ७० च्या वर असतीन त आयुष्मानचं कार्ड काढून द्या, ५ लाखांपर्यंत आहे, त्याले उत्पन्नाची अट नाई. तुम्ही निघाच्या आधीच काढा, मागून पोराशिवाय कोणी ऑनलाइन सेंटरवर जात नाई.

जॉइनिंगची तारीख अन् वहिनी संगंच येऊन राह्यल्या का मागून, तेवढं सांगा.