बहिरी ससाणा बहिरा का नसतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. जानेवारीत ठाणे खाडीच्या काठी विजेच्या मनोऱ्यावर एक शिकारी पक्षी बसलेला दिसला. पाठ निळसर राखाडी, छाती जवळजवळ पांढरी, डोळ्याखाली काळा ओघळ. बरोबरच्या जाणकारांनी 'बहिरी ससाणा' असं नाव सांगितलं, तर आठ वर्षांच्या लेकीने लगेच विचारलं, "म्हणजे याला ऐकू येत नाही?" हे 'बहिरी' काय आहे, आणि शाहीन म्हणतात तो हाच का?

लेकीने नेमकं बोट ठेवलंय. उत्तर व्याकरणातच आहे. ससाणा पुल्लिंगी, म्हणजे ऐकू येत नसतं तर तो 'बहिरा ससाणा' झाला असता. विभक्ती लावून पाहा. आपण 'बहिऱ्या माणसाने' म्हणतो, पण 'बहिरी ससाण्याने कबूतर उचललं' असंच म्हणतो. 'बहिऱ्या ससाण्याने' कोणी म्हणत नाही. लिंग, वचन, विभक्ती कशालाही न बधणारं हे विशेषण 'सरकारी', 'शहरी', 'आसमानी' यांच्या पंगतीतलं आहे. फारसीच्या वाटेने आलेलं.

मूळ अरबी शब्द 'बह्र', म्हणजे समुद्र. 'बह्री' म्हणजे समुद्राचा, समुद्राकडचा. बहरीन या देशाच्या नावात हाच शब्द आहे (दोन समुद्र), आणि गझलेचं वृत्त सांगताना 'बहर' म्हणतात तोही हाच. झाडाला येणारा बहर मात्र वेगळा, तो फारसी 'बहार'. आखातातले ससाणे पाळणारे लोक आजही स्थलांतर करून येणाऱ्या ससाण्याला 'बहरी' आणि डोंगराळ भागातल्या लहान जातीला 'जबली', म्हणजे डोंगरी, म्हणतात.

बह्रीचं हिंदीत 'बहरी' झालं, तिथेही बहिऱ्या बाईशी गाठ पडलीच. मराठीला शब्दाच्या मधलं 'ह्र' पेलत नाही, ती मध्ये स्वर घालते. आणि 'बहिरी' हा साचा आधीच तयार असल्याने नवा शब्द त्यात जाऊन बसला असावा.

तो साचाही एकट्याचा नव्हता. बहिरा हा संस्कृत 'बधिर'पासून प्राकृत 'बहिर'मार्गे आला. दुसरा बहिरी म्हणजे भैरव. बहिरोबा त्यातलाच, कर्जतजवळच्या ढाकच्या कड्यातला बहिरी देवही त्यातलाच, आणि मला वाटतं बहिर्जी नाईकांचं नावही त्याच घरातलं. कोकणात 'भैरी' म्हणतात. तिसरा हा आपला समुद्रावरचा. तीन दिशांनी आलेले तीन शब्द आणि उच्चार एकच.

यातले दोन तर एकाच माणसाच्या नावात भेटले आहेत. अहमदनगर (आता अहिल्यानगर) 1494 साली वसवणाऱ्या मलिक अहमदचा बाप मलिक हसन बहिरी. इतिहासकार फिरिश्ता सांगतो की हसन हा मूळचा तिमाप्पा नावाचा ब्राह्मण मुलगा, बहमनी फौजेच्या हाती लागलेला. त्याच्या बापाचं नाव भैरव. बहमनी शहजाद्याला ते नाव नीट म्हणता येईना, म्हणून त्याने 'बहरी' केलं आणि तेच चिकटलं. दुसरा समज असा की हसन दरबारातल्या शिकारी पक्ष्यांची व्यवस्था पाही, म्हणून बहरी. मला पहिली हकीकत जास्त पटते. शहजाद्याची जीभ जवळच्या ओळखीच्या शब्दाकडे वळली, आणि ओळखीचा शब्द पक्ष्याचा होता.

आता 'ससाणा'. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात श्येनाच्या, म्हणजे शिकारी पक्ष्याच्या, जोडीला 'शशादन' आहे, म्हणजे ससा खाणारा, त्यावरून ससाणा. गंमत म्हणजे बहिरी सशाच्या वाटेला फारसा जात नाही. त्याचा सगळा कारभार हवेत. कबुतरं, बदकं, चिखलातले छोटे किनारपक्षी उडाले की उंचावरून पंख मिटून सूर मारायचा. या सुरात त्याचा वेग ताशी 300 किलोमीटरच्या पुढे जातो. जमिनीवरच्या सशासाठी एवढा आटापिटा कोण करेल? नाव बहुधा दुसऱ्याच कुणाकडून उसनं आलंय.

तुम्हाला दिसला तो शाहीन नव्हे. दोघे एकाच जातीच्या दोन उपजाती आहेत. शाहीन, म्हणजे शाही, हा इथला कायमचा रहिवासी. सह्याद्रीच्या कड्यांवर घरटं करतो. त्याचं डोकं आणि गाल काळेशार, टोपी ओढल्यासारखे, आणि पोट विटकरी. तुमचा पाहुणा उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रा प्रदेशातला. तिथे वीण उरकून तो थंडीत इकडे येतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततो. आकाराने थोराड, रंगाने फिका, डोळ्याखालची मिशी अरुंद आणि तिच्यामागे गालाचा पांढरा ठिपका ठळक. पोटावर आडव्या बारीक रेघा असतील तर पक्षी प्रौढ. उभ्या रेघा असतील तर पहिल्याच वर्षाचा पोरगेला. खाडी, दलदल, बंदराची क्रेन, उंच इमारत, जिथून सगळं दिसेल अशी जागा त्याला लागते.

बाज हा तर निराळाच पक्षी. वर्तमानपत्रं सरसकट सगळ्यांना बाज म्हणतात ते सोडून द्या. जुन्या शिकारी पक्षीपालकांची वाटणी सोपी होती: काळ्या डोळ्यांचे ते 'स्याहचश्म', पिवळ्या-लाल डोळ्यांचे ते 'गुलाबचश्म'. बहिरी आणि शाहीन पहिल्या गटात, बाज आणि शिक्रा दुसऱ्यात. दुर्बीण असेल तर आधी डोळा पाहावा. त्या लोकांच्या बोलीत बाज म्हणजे मादी, नराला 'जुर्रा' म्हणत, कारण या पक्ष्यांत मादी मोठी आणि शिकारीला तीच हवी. म्हणून नुसतं 'ती बहिरी' असं स्त्रीलिंगी ऐकलं तर चूक समजू नका.

शास्त्रीय नावांत तर आणखी घोळ आहे. जातीचं नाव 'पेरेग्रिनस', लॅटिनमध्ये परदेशी, वाटसरू. इंग्रज पक्षीतज्ज्ञ लॅथमने हिंदुस्थानातून कळलेल्या पाहुण्या पक्ष्याला आधी 'बेहरी फाल्कन' म्हटलं, म्हणजे आपलंच बहिरी, आणि 1790 मध्ये लॅटिन नाव दिलं 'कॅलिडस'. कॅलिडस म्हणजे उष्ण. बर्फातून येणाऱ्याला! आणि घर न सोडणाऱ्या शाहीनचं नाव 'पेरेग्रिनेटर', म्हणजे प्रवासी. स्वीडनच्या सुंदेवालने 1837 मध्ये त्याचं वर्णन केलं ते श्रीलंका आणि सुमात्रा यांच्यामधल्या भर समुद्रात, जहाजावर सापडलेल्या एका पिल्लू-वयाच्या पक्ष्यावरून. 'बहिरी' हे नाव त्याला शोभलं असतं.

लेकीला एवढंच सांगा की त्याला उत्तम ऐकू येतं, आणि 'बहिरी' म्हणजे दर्यावरचा.