रशियात एचआयव्ही चाचणीच्या गाडीवर पहिल्यांदाच कामाला जाताय?
आधी किटचं तापमान सांभाळा. बहुतेक किट २ ते ३० अंशांत ठेवायचे असतात. जानेवारीत रात्रभर गाडीत राहिले की गोठतात, मग निकालावर भरवसा नाही. पट्टी पत्रकावर दिलेल्या वेळेतच वाचा. ‘सी’ची रेघ (चाचणी नीट चालली, याची खूण) नसेल तर चाचणी बाद. दोन रेघा (म्हणजे पॉझिटिव्ह) आल्या म्हणून ‘तुम्हाला एचआयव्ही आहे’ असं बोलायचं नाही. पक्क्या तपासणीसाठी सरकारी एड्स केंद्रापर्यंत सोबत जा, नुसत्या चिठ्ठीवर माणूस वाटेतच गळतो. ‘सी’ची एकच रेघ (म्हणजे निगेटिव्ह), पण धोका अलीकडचा? ३ महिन्यांनी पुन्हा बोलवा.

समोर परदेशी असेल (आपल्याकडची मेडिकलची मुलंही आलीच) तर सुई टोचण्याआधी सांगा: नावानिशी चाचणी पॉझिटिव्ह आली तर देश सोडावा लागू शकतो. निनावी चाचणीही होते. मेथाडोन (हेरॉइनसारख्या नशेच्या व्यसनावर देतात ते औषध) सुचवू नका, तिथे बंदी आहे. संस्थेचा पैसा कुठून येतो तेही विचारा. सरकारने ‘अवांछित’ ठरवलेल्या संस्थेच्या कामात भाग घेणं तिथे दंडनीय आहे.