नव्या इंजिनाची पहिली २० मिनिटं

इंजिन बांधून झालं म्हणून लगेच किल्ली फिरवू नकोस. आधी स्पार्क प्लग काढ आणि ऑइल प्रेशरचा काटा उठेपर्यंत नुसत्या स्टार्टरवर फिरव. जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये बहुधा फ्लॅट टॅपेट (कॅमवर थेट घासणारे, सपाट तळाचे भाग) असतात, आणि नवा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा) खराब व्हायचा तर पहिल्या काही मिनिटांतच होतो. म्हणून झिंकचं प्रमाण चांगलं असलेलं मिनरल ऑइल घाल, आणि जोडणी करतानाच कॅमच्या लोबना (उंचवट्यांना) असेंब्ली ल्यूब, म्हणजे जोडणीचं घट्ट वंगण, लाव. सुरू होताच २,००० ते २,५०० आरपीएम, थोडं वरखाली करत, २० मिनिटं. आयडलवर (एक्सलरेटर न देता) सोडायचं नाही; कॅमवर उडणारं तेल तेव्हा फारच कमी असतं. तापमान चढलं तर सरळ बंद कर, निवल्यावर पुढे चालू. मग ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदल. पिस्टनच्या रिंगा मात्र लोडवरच, म्हणजे इंजिनावर भार पडल्यावरच, सिलिंडरमध्ये नीट बसतात. गाडी फार जपून, गोंजारत चालवलीस तर रिंगा बसायच्या आधीच सिलिंडर गुळगुळीत होतील आणि इंजिन तेल पीत राहील.