चार्ज दिला की घरी जायचं

वाचकांचे प्रश्न, एका निवृत्त नर्सची उत्तरं

प्रश्न : सिस्टर, माझ्या यजमानांची नोकरी जाऊन सात महिने झाले. घर माझ्या एकटीच्या पगारावर चाललंय. रोज पहाटे तीनला जाग येते आणि डोक्यात हिशेब सुरू होतो. एक नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) संपला की दुसरा सुरू करते. प्रार्थनागटातल्या एक बाई म्हणाल्या, "इतकी काळजी करतेस, म्हणजे तुझा विश्वासच कमी." विम्याच्या हप्त्याचा विषय निघाला तर म्हणाल्या, "देवावर भरवसा आहे ना, मग विमा कशाला?" काळजी करणं पाप आहे का? कन्फेशनमध्ये, फादरपुढे पापं कबूल करताना, सांगावं का? आणि देवावर सोपवायचं म्हणजे नक्की करायचं तरी काय?

उत्तर : आधी एक खुलासा. मी मठातली सिस्टर नाही, वॉर्डातली. चौतीस वर्षं नर्सची नोकरी केली, संसार केला, दोन मुलं वाढवली. तेव्हा उत्तरात धर्मशास्त्र थोडं आणि वॉर्ड जास्त येईल.

विम्याचा हप्ता आधी भरून टाका. सैतानाने येशूला मंदिराच्या टोकावर उभं करून काय सांगितलं होतं? उडी टाक, देवदूत झेलतील. वर स्तोत्रातलं वचनही ऐकवलं. येशूचं उत्तर होतं, "परमेश्वर तुझा देव याची परीक्षा पाहू नको." चर्चचा कॅटेकिझम, म्हणजे शिकवणुकीचा अधिकृत ग्रंथ, 1992 साली प्रसिद्ध झाला. त्यातला परिच्छेद 2115 काढून बघा. पुढचं सगळं भरवशाने देवाच्या हाती सोपवा असं तिथे आहे, आणि पुढची तजवीज न करणं हा बेजबाबदारपणा ठरू शकतो, हेही त्याच परिच्छेदात आहे. त्या बाईंना दाखवा. भांडू मात्र नका.

आता काळजीचं. पहाटे तीनला उठायचं असं तुम्ही ठरवून झोपता का? नाही ना? पापाला मनाची संमती लागते. छातीत धडधडायला कुणाची संमती लागत नाही. गेथसेमानेच्या बागेत येशूचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडत होता, असं लूक आपल्या शुभवर्तमानात लिहितो. मत्तय त्याच्या शुभवर्तमानात सांगतो की त्या रात्री त्याने तिसऱ्यांदाही तेच शब्द म्हणत प्रार्थना केली. तेच तेच मागितलं म्हणून त्याला कुणी अविश्वासू म्हणत नाही, मग तुम्हालाच का म्हणावं? काळजीपायी मुलांवर ओरडला असाल, यजमानांना टोचून बोलला असाल, तर ते कन्फेशनमध्ये सांगा. (बोलला असालच. सात महिने फार होतात.)

सोपवायचं कसं, हे मला चर्चमध्ये कळलं नाही, वॉर्डात कळलं. पाळी संपली की आम्ही चार्ज देतो. वही उघडायची आणि खाटेगणिक सांगत जायचं : सलाईन किती वाजता लावलं, बाटलीत किती उरलंय, लघवी किती झाली, कोणाला रात्री कुठली गोळी, कोणाचं पोट दुखतंय. काही राहिलं असेल तर राहिलं म्हणून सांगायचं. मग सही करायची आणि घरी जायचं.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका लहान मुलाचा ताप काही केल्या उतरत नव्हता. मी चार्ज दिला आणि घरी आले, पण जीव तिथेच. शेजारच्यांच्या फोनवरून वॉर्डात फोन केला. अर्ध्या तासाने पुन्हा केला. तिसऱ्यांदा केला तेव्हा रात्रपाळीच्या सिस्टर म्हणाल्या, "अगं, तुझा फोन आला की मला त्या पोराच्या खाटेजवळून उठून यावं लागतं."

देवाला उठून फोन घ्यावा लागत नाही, तिथे ही उपमा लंगडी पडते, मला ठाऊक आहे. पण मला लागायचं ते लागलं. मागणं पुन्हा पुन्हा मागावं, खुशाल मागावं. दिलेला चार्ज मात्र परत हिसकावून घेऊ नये. तुमचा पहाटेचा हिशेब तसला आहे. त्या वेळी ना बँक उघडी असते, ना कुणी मुलाखतीला बोलावतं. करण्यासारखं काहीच नसतं, तरी आपण वॉर्डात जाऊन उभे.

म्हणून एक वही करा. झोपण्याआधी त्यात तीनच गोष्टी लिहा : आज काय केलं, काय राहिलं, उद्या पहिलं काम कोणतं. "दोन अर्ज पाठवले, मुलीची फी राहिली, सकाळी अमक्याला फोन." इतकंच. यजमानांनाही त्यांच्या ओळी त्यांच्या हाताने लिहू द्या. तुम्ही त्यांच्या वतीने लिहिलंत तर ते हजेरीपुस्तक होईल. मग 31व्या स्तोत्रातली ओळ म्हणा : "मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवतो." चर्चच्या रात्रीच्या प्रार्थनेत ती रोज असते, आणि लूकच्या शुभवर्तमानात क्रुसावरचे येशूचे शेवटचे शब्द तेच आहेत. वही मिटा. तीनला जाग आलीच तर उजळणी नको. चार्ज दिलाय, एवढं म्हणा आणि कूस बदला. पहिले काही दिवस झोप येणार नाही. नाही आली तर नाही आली.

आता जे सांगते ते ऐकून नोव्हेना सोडू नका. माझ्या यजमानांच्या आजारात मी किती नोव्हेना केले ते मोजले नाहीत. ते गेले. तेव्हा देवावर भरवसा वाटत होता का, असं विचाराल तर नाही, काहीच वाटत नव्हतं. रात्री त्यांची नाडी बघताना ओठ सवयीने 'नमो मारिया' ही मरियामातेची प्रार्थना म्हणायचे, त्यात आकडा चुकायचा आणि पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागायचं. तेवढीच माझी प्रार्थना. फ्रान्समधल्या लिझ्यूच्या मठात राहणाऱ्या संत तेरेजाने 1896 च्या ईस्टरनंतर मनात काळोख पसरलेला असताना मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची कबुली देणारी प्रार्थना, स्वतःच्या रक्ताने लिहून जवळ बाळगला होता. पुढल्या वर्षी 30 सप्टेंबरला क्षयाने ती गेली, तोवर तो काळोख हटला नव्हता. वय चोवीस. हे मी तेव्हा वाचलं, आणि भरवसा वाटलाच पाहिजे हा हट्ट सोडून दिला.

मार्कच्या नवव्या अध्यायातला, आजारी मुलाला घेऊन आलेला बाप आठवा. "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास काढून टाका," एवढंच तो बोलला. आधी विश्वास पुरा करून ये मग बघू, असं येशू म्हणाला नाही. पोराला बरं केलं.

प्रश्न : दिवसभराच्या कामानंतर रोझरीची जपमाळ म्हणायला बसलो की पाच रहस्यांपैकी (दहा-दहा 'नमो मारियां'च्या टप्प्यांपैकी) तिसऱ्यापर्यंत झोप लागते. देवाचा अपमान होतो असं वाटतं.

उत्तर : वर जिचं नाव घेतलं ती तेरेजाही प्रार्थनेत झोपायची, तीही मठात राहून! पोरं जागी असोत की झोपलेली, आईबापांना सारखीच आवडतात, आणि शस्त्रक्रियेआधी डॉक्टर रोग्याला झोपवतातच की, असं तिने स्वतःच लिहून ठेवलंय. आणि तिला चर्चने 1997 मध्ये आचार्यपद, म्हणजे चर्चची थोर शिक्षिका हा मान, दिला. तुम्ही निर्धास्त झोपा. फक्त पन्नास 'नमो मारिया' रात्रीच आणि बसूनच म्हटले पाहिजेत असं कुठे आहे? एक रहस्य कामावर जाताना, एक परतताना, उरलेली घरी. मी जिने चढता-उतरता म्हणायचे.

प्रश्न : एका संताची प्रार्थना मोबाईलवर आली आहे. नऊ जणांना पाठवली नाही तर संकट येईल असं खाली लिहिलंय. खोडायला हात धजत नाही.

उत्तर : प्रार्थना वाचा, आवडली तर म्हणा, खालची धमकी खोडा. अंतःकरणाचा पत्ता नाही आणि नुसत्या बाहेरच्या कृतीवर भिस्त, याला कॅटेकिझम 2111 मध्ये अंधश्रद्धा म्हणतो. संताला पाठवण्यांचा आकडा लागत नाही.

हा संदेश मलाही तीनदा आलाय. एकदा खुद्द त्या विमाविरोधी बाईंसारख्याच एका बाईंकडून. मी तिन्ही वेळा खोडला. गुडघा दुखतोय, पण तो आधीपासूनच दुखत होता.