पगार वाढतोय, पण शहर बदलावं का?

प्रश्न : दुसऱ्या शहरात नोकरी मिळतेय. हातात येणारा पगार ३० टक्क्यांनी वाढेल. पतीची नोकरी मात्र इथे आहे आणि मुलगी आठवीत. फायद्या-तोट्यांची यादी केली, तर दोन्हीकडे ९-९ मुद्दे निघाले. ठरवायचं कसं?

उत्तर : मुद्दे मोजू नका, तोला. ‘हवा चांगली’ आणि ‘पतीची नोकरी सुटेल’ हे एका मापाचे मुद्दे नव्हेत. १७७२ मध्ये जोसेफ प्रीस्टली हा शास्त्रज्ञ इंग्लंडमधलं लीड्स शहर सोडून लॉर्ड शेलबर्न या ब्रिटिश राजकारण्याकडे नोकरीला जावं की नाही, या पेचात होता. बेंजामिन फ्रँकलिनने त्याला पत्रातून उपाय सुचवला : कागदाचे दोन भाग करा, तीन-चार दिवस सुचेल ते लिहीत राहा, मग समान वजनाचे मुद्दे समोरासमोर खोडा. एका बाजूच्या भारी मुद्द्याबरोबर दुसरीकडचे दोन-तीन हलके मुद्देही खोडता येतात. जे उरेल त्यावर ठरवा. (प्रीस्टली गेला.)

पैशाचं बघताना पगार नको, शिल्लक बघा. आज १०० हातात येतात, भाडं २५ आणि प्रवास ५ वजा जाता ७० उरतात, असं धरा. तिकडे १३० मिळाले, पण भाडं ५० आणि प्रवास १० झाला, तरी उरतात ७०च. वर पतीचा पगार काही महिने बंद, म्हणजे घर तोट्यातच.

अनामत, दलाली, सामानाची वाहतूक, शाळाप्रवेश हा एकरकमी खर्च वेगळा मांडा. दोन्ही घरांचं भाडं एकदम भरावं लागणारा महिना लोक हमखास विसरतात. या बेरजेला दरमहा वाढणाऱ्या शिलकीने भागा, म्हणजे खर्च किती महिन्यांत भरून निघेल ते कळेल. दोन वर्षांपेक्षा जास्त लागत असतील तर केवळ पैशासाठी जाऊ नये, असं आमचं मत.

वेळही खर्चात धरा. जाताना ४० आणि येताना ४० मिनिटं वाढली, तर कामाच्या २२ दिवसांत २९ तास जातात.

पतीने आधीच राजीनामा देऊ नये. तुम्ही एकट्या पुढे जा, तीनेक महिने बघा, तोवर मुलीचं वर्षही पार पडू द्या. नव्या शाळेत दुसरी आणि तिसरी भाषा कोणती असते, ते लेखी विचारून घ्या. गणित-विज्ञान मुलं भरून काढतात, नवी भाषा मात्र जड जाते.

प्रश्न : फोटो बघून घर ठरवलं तर चालेल?

उत्तर : नाही. पहिले दोन-तीन आठवडे तात्पुरत्या जागेत काढा. घरापासून ऑफिसपर्यंतचा रस्ता कामाच्या दिवशी, ऑफिसच्या वेळेलाच जाऊन बघा. सुट्टीच्या दिवशीचा मोकळा रस्ता फसवतो. सकाळी सगळे नळ एकदम सोडून पाण्याचा जोर बघा, आतल्या खोलीतून फोन लावून बघा. करारातला लॉक-इन काळ (ज्यात घर सोडलं तरी भाडं द्यावं लागतं) नक्की वाचा. नोकरीत सहा महिन्यांचं प्रोबेशन आणि घराला वर्षाचा लॉक-इन असेल, तर नोकरी सुटल्यावरही भाडं भरत बसावं लागेल.

प्रश्न : फ्रिज, वॉशिंग मशीन न्यावं की विकावं?

उत्तर : आज विकून येतील ते पैसे आणि वाहतुकीचा खर्च यांची बेरीज करा. तेवढ्यात तिकडे तशीच वस्तू मिळत असेल, तर विका. नेणार असाल तर फ्रिज उभाच न्या. आडवा न्यावा लागला तर पोचल्यावर काही तास, शक्यतो दिवसभर, उभा ठेवूनच चालू करा. कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत गेलेलं असतं, ते परत खाली उतरावं लागतं. समोरून दार असलेल्या मशीनच्या पाठीमागे ड्रम पक्का धरणारे बोल्ट नेण्यापूर्वी लावा आणि तिकडे पहिली धुलाई करण्याआधी आठवणीने काढा. ते तसेच राहिले तर मशीन जोरात हादरतं आणि बिघडू शकतं.